‘मिसहॅप’ला मराठीत काय म्हणाल?

वेलांटी
हलक्याफुलक्या बातम्यांच्या एका सदराचा अनुवाद चालू आहे. दूध उतू गेलं, लाल मोज्यापायी पांढरे कपडे गुलाबी झाले, बोटात अंगठी अडकली, असले घरगुती प्रसंग. त्यातच कॅनडातली ती अजब बातमी: अल्बर्टा प्रांतात २००४ साली बागेतलं तण काढताना हरवलेली अंगठी २०१७ मध्ये गाजराच्या कमरेला घट्ट बसलेली सापडली. मूळ लेखात या सगळ्याला एकच शब्द, ‘मिसहॅप’. ‘अपघात’ लिहिलं तर वाचक रुग्णवाहिका शोधेल, ‘दुर्घटना’ त्याहून जड. ‘फजिती’ संपादकांनी खोडला. काय वापरावं?

कानामात्रा
खोडला ते बरोबरच. फजिती अरबी ‘फजीहत’वरून आलेली, म्हणजे मुळात बेअब्रू. बघणारं कोणी नसेल तर फजिती कसली? ‘घोळ’ घ्या, पण क्रियापद सांभाळा. मोजा धुण्यात चुकून राहिला तर घोळ झाला. रंग जातो हे माहीत असून टाकला तर घोळ घातला. तारांबळ, भंबेरी, त्रेधातिरपीट या उडतात, आणि त्या मूळ प्रसंगाची नावं नव्हेत, त्यानंतरच्या धावाधावीची आहेत. दूध उतू गेलं हा घोळ, गॅस बंद करायला धावताना उडते ती तारांबळ.

मधला_मार्ग
तारांबळ मंगलाष्टकातल्या ‘ताराबलं चंद्रबलं तदेव’वरून आली म्हणतात. ते शब्द कानावर पडले की मुहूर्त गाठायला मांडवात पळापळ.

कानामात्रा
इतकी गोड व्युत्पत्ती दिसली की मी आधी संशय घेतो.

तत्सम
फजिती अरबी, गफलत अरबी. आपल्याकडे शब्द नाहीत का? ‘लघुविपदा’ करा.

मधला_मार्ग
‘लघु’ने सुरू होणारा शब्द घरगुती मजकुरात नको, लोक भलतंच समजतील. आणि ज्या सदरात तो घालायचा ते ‘सदर’ही अरबीच आहे.

अर्धचंद्र
मूळ प्रश्न राहू द्या, निदान ‘उतू’ बरोबर लिहिलंत याचा आनंद आहे. ‘दूध ओतू गेलं’ सर्रास दिसतं. ओतायला हात लागतो, उतायला नाही. ‘उतू नये, मातू नये’ मधलं उतणं तेच. तापताना वर साय धरते, खालची वाफ कोंडते आणि फेस सायीसकट वर येतो. पाण्याचा बुडबुडा फुटून मोकळा होतो, दुधातली प्रथिनं मात्र बुडबुड्याला धरून ठेवतात, म्हणून पाणी उकळतं आणि दूध उततं.

वेलांटी
पुढच्या परिच्छेदात दूध तळाला जळतं. ‘करपलं’ चालेल?

अर्धचंद्र
नाही. दूध लागतं, पोळी करपते. भात आधी लागतो, मग करपतो. लागणं म्हणजे तळाला धरणं; वरचं दूध अजून पांढरंच असतं, फक्त वास येतो. अशा वेळी कालथ्याने खरवडू नये, सगळा वास दुधात उतरतो. न ढवळता वरचं दूध अलगद दुसऱ्या भांड्यात घ्यावं. मुळात लागू नये म्हणून भांडं आधी पाण्याने विसळून ओलंच ठेवतात, जाड बुडाचं घेतात आणि आच मंद ठेवतात.

मधला_मार्ग
भांड्यावर आडवा लाकडी चमचा ठेवला की उतत नाही, हेही लिहा.

अर्धचंद्र
थोडा वेळच. फेस चमच्याला टेकून फुटतो, पण आच मोठी असली तर चमचा तापतो आणि दूध त्याला ओलांडून जातं.

कानामात्रा
अंगठीचंही पाहून घ्या. अडकली म्हणजे सांध्यावरून निघत नाही. रुतली म्हणजे दोन्ही बाजूंनी मांस वर आलं आहे. लेखात कोणती?

वेलांटी
रुतलीच असावी. पुढे दोऱ्याची युक्ती आहे, पण मूळ वाक्य इतकं गुंतागुंतीचं की दोरा कुठून कुठे जातो तेच कळत नाही.

कानामात्रा
सरळ असं लिहा. पाच-दहा मिनिटं हात डोक्याच्या वर धरायचा, सूज थोडी उतरते. गुळगुळीत दोऱ्याचं एक टोक अंगठीखालून तळहाताकडे काढायचं. उरलेला दोरा अंगठीला चिकटून नखाच्या दिशेने, वेढ्याला वेढा लावत, मधला सांधा ओलांडेपर्यंत गुंडाळायचा. मग तळहाताकडचं टोक धरून नखाच्या दिशेने उलगडत जायचं. दोरा सुटेल तशी अंगठी पुढे सरकते. फसतं ते दोन ठिकाणी: वेढ्यांत फट राहिली तर तिथे मांस फुगतं, आणि नखाकडून गुंडाळायला घेतलं तर सूज अंगठीकडेच ढकलली जाते.

मधला_मार्ग
एवढं कशाला? साबण लावून ओढावी.

कानामात्रा
साबण ठीक, सरळ ओढणं नको. ओढलं की कातडी सांध्यावर गोळा होते. फिरवत फिरवत काढावी. बोट निळं पडलं, बधिर झालं किंवा मार लागलेला असेल तर दोराही नको, अंगठी कापून घ्यावी.

अर्धचंद्र
सोन्याचांदीची कापता येते. टंगस्टन कार्बाइड या फार कठीण पदार्थाच्या अंगठीवर नेहमीचं कटर चालत नाही. ती लॉक होणाऱ्या पकडीत धरतात, स्क्रू थोडा थोडा आवळत पुन्हा पुन्हा दाबतात आणि तडकवतात. डोळ्यांवर चष्मा हवा, तुकडे उडतात.

तत्सम
‘तडकवतात’? काच तडकते, माणूसही तडकतो. तडकवणं कोणत्या कोशात आहे?

मधला_मार्ग
फोडतात लिहा.

अर्धचंद्र
फोडतात नारळ.