सौदा रद्द, तरी एजंटला पैसे?
ताई, राजारामपुरीतला फ्लॅट विकायचा बेत बदललात म्हणून एजंट एक टक्का मागतोय, तर लगेच देऊ नका. आधी सही केलेला कागद काढा. रद्द केल्यास किती, हे त्यात आहे का बघा. असलं तरी तेवढं सगळं द्यावंच लागतं असं नाही. करार कायदा १८७२, कलम ७४: लिहिलेली रक्कम ही कमाल मर्यादा, मिळते ती वाजवी भरपाई. म्हणून जाहिरातीच्या पावत्या, गिऱ्हाइकं आणल्याच्या तारखा लेखी मागा. व्हॉट्सॲपवर दोन फोटो टाकल्याचे एवढे पैसे? काहीतरीच! मात्र त्यानंच आणलेल्या गिऱ्हाइकाला परस्पर विकणार असाल, तर दलाली गपगुमान द्या. मूळ खरेदीखत, घरफाळ्याची पावती त्याच्याकडं असेल तर भांडणाआधी परत घ्या.