निसर्ग आपोआप सावरतो, हे कितपत खरं?

रानवाट (धागाकर्ती):
पर्यावरणाचा विषय निघाला की "निसर्ग सावरतो हो" हे ऐकावंच लागतं. मला ते पटत नाही. मध्य आशियातला अरल समुद्र घ्या. एके काळी जगातलं चौथ्या क्रमांकाचं सरोवर. १९६० च्या दशकापासून अमू दर्या आणि सीर दर्या या नद्यांचं पाणी कापसाकडे वळवलं आणि ते आटत गेलं. मासेमारी बुडाली. उघड्या पडलेल्या तळावरची मीठ आणि कीटकनाशकं मिसळलेली धूळ वस्त्यांवर उडू लागली. कापसाचा पैसा एकाला, धूळ दुसऱ्याच्या छातीत!

कातळ:
असहमत. त्या कापसावरही हजारो कुटुंबं जगली, ते कसं विसरता? आणि त्याच अरलच्या उत्तर भागात २००५ मध्ये कोक-अरल धरण झालं, पाणी चढलं, मासे परतले. ओझोनचा थरही भरून येतोय. श्रीमंत देशांनी कोळसा जाळून घरं उजळली, आता इतरांना 'थांबा' म्हणतात. ज्या घरात अजून लाकडाच्या धुरात स्वयंपाक होतो, तिथे आधी वीज पोचू द्या.

पाणकावळा:
गिधाडांचं काय? दक्षिण आशियात गुरांना डायक्लोफेनॅक हे वेदनाशामक दिलं जायचं. हेतू चांगलाच होता. पण मेलेलं जनावर खाऊन गिधाडांचे मूत्रपिंड निकामी झाले आणि तीन जाती ९५ टक्क्यांहून जास्त घटल्या. भारताने २००६ मध्ये या औषधाच्या पशुवैद्यकीय वापरावर बंदी आणली, तरी आभाळ अजून भरलेलं नाही. वर्षाला एकच अंडं घालणारा पक्षी किती वेगाने वाढणार?

कातळ:
तिथेही मेलॉक्सिकॅम या गिधाडांना न मारणाऱ्या वेदनाशामकाचा पर्याय होता म्हणून बंदी टिकली. माझं म्हणणं तेच आहे. आधी पर्याय द्या, मग बंदी घाला.

रानवाट:
कातळ, तुमची दोन्ही उदाहरणं माणसांनी हात घातला म्हणून घडली, आपोआप नाही. काही रसायनांमुळे ओझोनच्या थराला असलेला धोका शास्त्रज्ञांनी १९७४ मध्येच सांगितला होता, १९८५ मध्ये अंटार्क्टिकावरचं छिद्र जाहीर झालं आणि १९८७ मध्ये ती रसायनं कमी करत नेणारा मॉन्ट्रियल करार झाला. इतकं करूनही तिथला थर १९८० च्या पातळीवर यायला साधारण २०६६ उजाडेल असा अंदाज आहे. करार झाला तेव्हा प्रत्येक वापरासाठी पर्याय हाताशी नव्हता. मुदत ठरली म्हणून कारखाने शोधाला लागले. कार्बनच्या बाबतीत वाट पाहणं तर फारच महाग. हवेतलं कार्बन डायऑक्साइडचं प्रमाण औद्योगिक क्रांतीआधी दहा लाखांत सुमारे २८० भाग होतं, आज ४२० च्या वर आहे, आणि त्यातला बराचसा वायू शतकानुशतकं हवेत राहतो.

वीज पोचायलाच हवी, यात वाद नाही. म्हणूनच मॉन्ट्रियलची रचना मला मोलाची वाटते. विकसनशील देशांना दहा वर्षांची सवलत मिळाली आणि बदलाचा खर्च उचलायला श्रीमंत देशांच्या पैशातून निधी उभा राहिला.

कातळ:
निधीचा मुद्दा मान्य. पण ओझोनच्या वेळी प्रश्न मोजक्या रसायनांचा होता, कोळसा आणि तेलावर सगळं जग चालतं. तेवढा निधी कोण, किती आणि कधी देणार हे आधी कागदावर येऊ द्या. ते आलं की मुदतीच्या बाजूने मीही उभा राहीन.