नेरुळ : जुन्या बी४५० बोर्डावर एनव्हिडियाचं आरटीएक्स ५०६० ग्राफिक्स कार्ड घ्यावं की एएमडीचं आरएक्स ९०६० एक्सटी १६ जीबी?

साडेदहानंतर (नेरुळ)

नमस्कार मंडळी. पीसी २०२० च्या लॉकडाऊनमधला आहे. रायझन ५ ३६०० प्रोसेसर, बी४५० मदरबोर्ड, १६ जीबी रॅम, जीटीएक्स १६५० सुपर कार्ड, ५५० वॅटचा पॉवर सप्लाय. गेल्या दिवाळीत बोनस आला तेव्हा मॉनिटर तेवढा बदलला, २७ इंची १४४०पी (उंचीला १४४० पिक्सेल), १६५ हर्ट्झ (सेकंदाला १६५ चित्रं). तेव्हापासून चार जीबीचं बिचारं कार्ड धापा टाकतंय. सायबरपंक २०७७ सगळं लो वर ठेवूनही चाळीस एफपीएसच्या (सेकंदाला दिसणारी चित्रं) वर जात नाही, आणि तेही अक्षरं फुसकट दिसतील एवढं अपस्केलिंग (कमी पिक्सेलचं चित्र ताणून मोठं करणं) लावून.

माझी गेमिंगची वेळ म्हणजे मुलगी झोपल्यावर, साडेदहा ते बारा. पीसी बेडरूममध्येच आहे, कारण दुसरी खोली आईची. त्यामुळे पंख्याचा आवाज मला एफपीएसइतकाच महत्त्वाचा. खेळतो ते सायबरपंक, फोर्झा होरायझन ५ आणि शनिवारी ऑफिसच्या पोरांबरोबर व्हॅलोरंट. पुढची चार-पाच वर्षं पुन्हा खर्च नको. खरं सांगायचं तर घरात पुन्हा मंजुरीही मिळणार नाही.

लॅमिंग्टन रोडला चौकशी करून आलो. एक दुकानदार म्हणाला, ‘साहेब, डोळे झाकून ५०६० घ्या, एनव्हिडिया ते एनव्हिडिया.’ शेजारचा म्हणाला, ‘५०६० सारखं ८ जीबीचं कार्ड आता घेऊच नका, ९०६० एक्सटी १६ जीबी घ्या.’ दोघांच्या भावात सात-आठ हजारांचं अंतर. ८ जीबी खरंच कमी पडतात, की हा यूट्यूबवाल्यांचा आरडाओरडा आहे? आणि बोर्ड जुना आहे त्याने काही बिघडतं का?

पेचकस (कोपरखैरणे)

माझं इथे दुरुस्तीचं छोटं दुकान आहे. दोन्ही कंपन्यांची कार्डं विकतो, दोन्हींवर सारखंच मिळतं, म्हणून मोकळेपणाने सांगतो.

तुमच्याकडे नवा बी६५० किंवा बी८५० बोर्ड असता तर मी म्हटलं असतं, गेम बघा, खिसा बघा, ठरवा. पण तुमचा बोर्ड बी४५० आहे आणि सगळी गोष्ट तिथेच फिरते. ३६०० हा प्रोसेसर पीसीआयई (कार्ड आणि पीसीमधला डेटाचा रस्ता) ४.० देऊ शकतो, पण बी४५० चा स्लॉट ३.० वरच चालतो. आता ५०६० ला कंपनीने लेन, म्हणजे त्या रस्त्याच्या मार्गिका, दिल्यात आठ. ५.० देणाऱ्या नव्या बोर्डावर त्या आठ लेन म्हणजे चंगळ. तुमच्या स्लॉटवर त्याच आठ लेनमधून सेकंदाला जेमतेम ८ जीबी डेटा जाणार. ९०६० एक्सटीला पूर्ण सोळा लेन आहेत, म्हणजे त्याच स्लॉटवर जवळजवळ १६ जीबी.

जोवर गेमचं सगळं सामान कार्डाच्या स्वतःच्या मेमरीत, म्हणजे व्हीरॅममध्ये, मावतंय तोवर हा फरक तुम्हाला दिसणारही नाही. मावेनासं झालं की उरलेलं पीसीच्या रॅममधून ये-जा करायला लागतं, आणि ती ये-जा या लेनमधूनच होते. म्हणजे ५०६० वर जागा पण कमी आणि रस्ता पण अरुंद, दोन्ही एकदम. सरासरी एफपीएसचा आकडा तरी बरा दिसतो, पण गाडी वळवताना अर्धा सेकंद चित्र अडकतं. काही गेम अडकत नाहीत, गुपचूप टेक्श्चरचा (भिंती-रस्त्यांवरच्या बारकाव्यांचा) दर्जा उतरवतात, मग समोरची भिंत मेणासारखी दिसते आणि गिऱ्हाईक मला फोन करतं की कार्ड खराब निघालं.

दुकानदार ज्याच्या जोरावर ५०६० विकतो ते रे ट्रेसिंग (खऱ्यासारखा प्रकाश आणि प्रतिबिंबं) आणि फ्रेम जनरेशन (मधली चित्रं कार्डानेच बनवून घालणं), तेही व्हीरॅम खातं. १४४०पी वर सायबरपंकमध्ये दोन्ही चालू करून बघा, ८ जीबी भरायला वेळ लागत नाही.

कागदावर ५०६० ची मेमरी वेगवान आहे हे मान्य. जीडीडीआर७, सेकंदाला ४४८ जीबी. ९०६० एक्सटीची जीडीडीआर६, ३२० च्या आसपास. पण सामान आत मावलं तर त्या वेगाचा उपयोग.

वीज १४५ वॅट विरुद्ध १६०. महावितरणचं बिल त्याने हलत नाही. तुमचा ५५० वॅट दोन्हींना पुरतो, फक्त तो बऱ्या कंपनीचा असू द्या.

रेंडरवाली (ठाणे, मानपाडा)

पेचकस काका, तुमचं पटलं तरी एक बाजू राहिली. मी ब्लेंडर हे थ्रीडीचं सॉफ्टवेअर वापरते, आणि तिथे सायकल्समध्ये (चित्र रेंडर करणारा भाग) एनव्हिडियाची ऑप्टिक्स पद्धत एएमडीच्या एचआयपीपेक्षा सरळ वेगवान आहे. कामासाठी कार्ड घेणाऱ्याने एएमडीकडे जाताना दहा वेळा विचार करावा. एनव्हिडियाचं अपस्केलिंग डीएलएसएस पण एएमडीच्या एफएसआर ४ पेक्षा कितीतरी जास्त गेममध्ये आहे. एफएसआर ४ चं चित्र आता छान येतं, जुन्या एफएसआरसारखं गवत वळवळत नाही, पण गेममध्ये असेल तर ना.

दादा, तुम्ही फक्त गेम खेळता का? मुलीच्या शाळेचे व्हिडिओ, ऑफिसचं काही थ्रीडी वगैरे असेल तर आधी सांगा.

साडेदहानंतर

फक्त गेम. ऑफिसचं काम ऑफिसच्या लॅपटॉपवर, आणि त्यात एक्सेलपलीकडे काही नाही. व्हिडिओ म्हणजे गॅदरिंगचा नाच कापून आजोळी पाठवायचा एवढंच.

रेंडरवाली

मग माझा मुद्दा तुम्हाला लागू नाही. १४४०पी वर मीही १६ जीबीच घेईन.

खाडीपलीकडे (ठाणे, कळवा)

सेकंडहँड ३०८० का नाही बघत? त्याच पैशात येईल.

पेचकस

कारण ते ३२० वॅट ओढतं आणि त्यांचा सप्लाय ५५० चा आहे. शिवाय १० जीबी, वॉरंटी संपलेली, आणि आधी कुठल्या गोदामात रात्रंदिवस क्रिप्टोचं मायनिंग करत होतं ते देवाला माहीत. बेडरूममध्ये तर नकोच.

साडेदहानंतर

बरं, म्हणजे ९०६० एक्सटीकडे झुकतोय. पण मग ३६०० अडवेल का? प्रोसेसर पण बदला म्हणालात तर बजेट कोसळलं. आणि आवाजाचं कुणीच बोललं नाही!

खाडीपलीकडे

माझ्याकडेही अशीच जोडी होती, ३६०० वरून ५६०० वर गेलो. सॉकेट तोच एएम४, ६५ वॅट, बॉक्समधला कूलर पुरतो. १४४०पी वर बहुतेक वेळा कार्डच आधी थकतं, त्यामुळे आज लगेच नका बदलू. व्हॅलोरंट ३६०० वरही तुमच्या १६५ हर्ट्झला पुरून उरेल. सायबरपंकमध्ये गर्दीच्या बाजारातून चालताना, त्यात रे ट्रेसिंग चालू असेल तर, ३६०० ची दमछाक जाणवेल. तेव्हा सावकाश ५६०० टाका. एक मात्र आहे, एनव्हिडियाचा ड्रायव्हर जुन्या प्रोसेसरवर थोडा जास्त भार टाकतो, म्हणजे इथेही पारडं ९०६० एक्सटीकडेच.

आवाजाचं म्हणाल तर तो चिपचा नसतो, कूलरचा असतो. त्याच ९०६० एक्सटीचं दोन पंख्यांचं आखूड मॉडेल घ्याल तर ते केकाटेल, तीन पंख्यांचं घ्याल तर शांत. हजार-दीड हजार जास्त गेले तरी तिथे द्या. आणि एफपीएसला ९० ची मर्यादा घाला. एकट्याने खेळायच्या गेममध्ये ९० आणि १२० मधला फरक रात्री अकरा वाजता कुणाला कळतो? कार्ड थंड राहतं, पंखे हळू फिरतात, वहिनी झोपतात.

पेचकस

मर्यादेचं बरोबर सांगितलं. आता घ्यायच्या आधीची कामं, कारण नंतर धावपळ होते.

पहिलं म्हणजे, ९०६० एक्सटी ८ जीबीतही मिळतं आणि नाव अगदी तेच. दुकानात भाव एकदम चांगला सांगितला तर समजा की तेच दाखवताहेत. बिलावर १६ जीबी आणि सिरीयल नंबर, दोन्ही लिहून घ्या. बिल जीएसटीचंच. ‘बिलाशिवाय इतके कमी’ याला भुललात तर वॉरंटीच्या वेळी कुणी ओळख दाखवत नाही.

कॅबिनेटमध्ये समोरच्या पंख्यापासून स्लॉटच्या पट्टीपर्यंत टेप लावून मोजा. तीन पंख्यांची कार्डं ३० सेंटीमीटरच्या आसपास जातात, २०२० ची स्वस्त कॅबिनेटं तिथे हात वर करतात.

मग बायोस, म्हणजे बोर्डातलं मूळ सॉफ्टवेअर. कंपनीच्या साइटवरून तुमच्या बोर्डाचं ताजं बायोस पेनड्राइव्हवर घ्या आणि जुनं कार्ड लावलेलं असतानाच टाका. त्यात ‘अबव्ह फोर-जी डीकोडिंग’ आणि ‘रीसायझेबल बार’ चालू करा (यांनी प्रोसेसरला कार्डाची सगळी मेमरी एकदम वापरता येते), सीएसएम (पीसी जुन्या पद्धतीने सुरू करायची सोय) बंद करा. पण सीएसएम बंद करण्याआधी विंडोजची डिस्क जीपीटी (मांडणीची नवी पद्धत) आहे ना ते बघा. एमबीआर (जुनी पद्धत) असेल तर विंडोज उघडणारच नाही आणि तुम्हाला वाटेल बोर्ड गेला. विंडोजमध्ये ‘एमबीआर टू जीपीटी’ची सोय आहे, डेटाचा बॅकअप घेऊन वापरा.

बायोस टाकलं की जुनी सेटिंगं पुसली जातात. विंडोज ११ असेल तर एफटीपीएम आणि सिक्युअर बूट या सुरक्षेच्या दोन सोयी पुन्हा चालू करा, नाहीतर शनिवारी व्हॅलोरंट उघडणार नाही आणि पोरं लॉबीत वाट बघत बसतील. बिटलॉकर (विंडोजचं डिस्कचं कुलूप) लावलं असेल तर त्याची की आधी कागदावर उतरवून ठेवा.

शेवटी डीडीयू (ड्रायव्हर पुसायचं सॉफ्टवेअर) वापरून एनव्हिडियाचा ड्रायव्हर पूर्ण काढा, पीसी बंद करा, मग कार्ड बदला. एएमडीचा ड्रायव्हर आधीच डाउनलोड करून ठेवलात तर बरं.

नेरुळमध्ये पाम बीचच्या बाजूला असाल तर एक जादाची सूचना. खाडीच्या हवेने तिकडच्या मशिनींचे स्क्रू आणि पोर्ट काळे पडलेले मी नेहमी बघतो. कॅबिनेट खिडकीखाली ठेवू नका, आणि पावसाळ्यात पीसी दिवसेंदिवस बंद ठेवू नका. रोजचे तुमचे दीड तास त्याला पुरेसे आहेत.

साडेदहानंतर

सीवूड्सला आहे, खिडकीखालीच आहे. आजच हलवतो. टेप लावून बघितली, ३२ सेंटीमीटर जागा निघाली. डिस्क जीपीटीच आहे. शनिवारी जाऊन तीन पंख्यांचं १६ जीबी घेऊन येतो. १६५० सुपर तिथेच देऊन टाकू का? दुकानदार काहीतरी कापून देतो म्हणाला.

पेचकस

लगेच नको. तुमच्या ३६०० मध्ये ग्राफिक्स नाही, नवं कार्ड महिन्याभरात वॉरंटीला गेलं तर स्क्रीनवर काही दिसायला तेच लागेल. महिना-दोन महिने कपाटात ठेवा, मग बाहेर विका. दुकानात कापून देतात त्यापेक्षा जास्त मिळेल, इंटरनेट कॅफेवाले अजून शोधत येतात.