थरथर उशिरा येते
कोणीतरी लिहिलंय की हात थरथरायला लागला की पार्किन्सन्स सुरू झाला, तर तसं नाहीये हो, तोवर मेंदूतल्या सबस्टॅन्शिया नायग्रा नावाच्या भागातल्या, डोपामाइन म्हणजे हालचाली सुरळीत ठेवणारं रसायन बनवणाऱ्या पेशी निम्म्याच्या आसपास गेलेल्या असतात, उरलेल्यांवर मेंदू बरीच वर्षं रेटून नेतो. आमच्या बाबांचं आधी नाक गेलं. लालबागच्या चाळीत कोणी सुके बोंबील भाजले की अख्ख्या मजल्याला कळायचं आणि बाबा दारात बसून विचारायचे, कसला वास? आम्ही हसायचो, वयच झालंय म्हणून. मग चेकवरची सही बारीक बारीक होत गेली, बँकेने दोनदा चेक परत केला. थरथर त्याच्याही नंतर. वास काय सर्दीनेही जातो म्हणा, पण जुन्या पासबुकातली सही आणि आताची शेजारी ठेवून बघा एकदा.