दोन कॉलमच्या पानावर लेखाचं शीर्षक पूर्ण रुंदीत कसं घ्यायचं? (वर्ड)

अंक_नेरूळ

नेरूळमधल्या आमच्या सोसायटीच्या वार्षिक अंकाची जुळणी वर्डमध्ये चालू आहे. ए४ पान, चारही बाजूंना २ सेंमी समास, दोन कॉलम, मध्ये ०.८ सेंमी जागा. मजकूर सगळा युनिकोडमध्ये. लेखाचं शीर्षक आणि त्याखाली लेखकाचं नाव दोन्ही कॉलमांवर पसरून हवं, उपशीर्षकं मात्र आपापल्या कॉलमात.

शीर्षकावर कर्सर ठेवून लेआउट > कॉलम्स > वन केलं की अख्खी फाइल एका कॉलमात जाते. एका ठिकाणी जमलं, पण मधला एक ब्रेक नको म्हणून डिलीट केला तर शीर्षकाच्या वरचा आधीचा लेखच एकेरी झाला. मॉडिफाय स्टाइलमध्ये शीर्षकाचा आकार २४ केला, तरी देवनागरी अक्षरं होती तेवढीच आहेत. शिवाय दोन-तीन उपशीर्षकं कॉलमच्या तळाशी एकटी अडकली आहेत, मजकूर पुढच्या कॉलमात. ठाण्यातल्या प्रेसला पीडीएफ द्यायची आहे, तेव्हा सॉफ्टवेअर बदलणं आता शक्य नाही.

डीटीपी_नौपाडा

बदलायची गरजही नाही, वर्डमध्ये हे नीट होतं. फक्त एक गोष्ट पक्की लक्षात ठेवा: वर्डमध्ये कॉलमची संख्या परिच्छेदाला चिकटलेली नसते, सेक्शनला, म्हणजे फाइलच्या स्वतंत्र मांडणी असलेल्या भागाला, चिकटलेली असते. तुमच्या फाइलमध्ये एकच सेक्शन होता आणि काहीही सिलेक्ट केलेलं नव्हतं, म्हणून 'वन' सगळ्या फाइलला लागलं.

आधी कंट्रोल + शिफ्ट + ८ दाबून छुपी चिन्हं दिसू द्या. मग शीर्षक आणि लेखकाचं नाव, दोन्ही ओळी त्यांच्या शेवटच्या ¶ चिन्हासकट सिलेक्ट करा आणि मगच कॉलम्स > वन. वर्ड स्वतःच वर एक आणि खाली एक कंटिन्यूअस सेक्शन ब्रेक (पान न बदलता नवा सेक्शन सुरू करणारी खूण) टाकतो. अंकातलं पहिलंच शीर्षक असेल तर फक्त खालचा.

आता ब्रेक डिलीट केल्यावर वरचा लेख का बिघडला ते. सेक्शन ब्रेकच्या चिन्हात त्याच्या *वरच्या* मजकुराची मांडणी साठवलेली असते. ते चिन्ह गेलं की वरचा मजकूर खालच्या सेक्शनमध्ये विलीन होतो आणि खालचीच मांडणी घेतो. तुम्ही लेख संपून शीर्षक सुरू होतं तिथला ब्रेक काढलात. खाली शीर्षकाचा एक कॉलम होता, तोच वरच्या लेखाला लागला. शीर्षकाच्या खालचा ब्रेक काढला असता तर शीर्षकच दोन कॉलमांत गेलं असतं. अशा वेळी लगेच कंट्रोल + झेड. ते शक्य नसेल तर लेख जिथे संपतो तिथे लेआउट > ब्रेक्स > कंटिन्यूअस पुन्हा टाका आणि त्याच्या वर कर्सर ठेवून कॉलम्स > टू करा. 'टू' केल्यावर मधलं अंतर वर्डच्या मूळ मापावर गेलेलं असू शकतं, म्हणून मोअर कॉलम्समध्ये ०.८ आहे ना ते बघा. तुमच्या मापांत प्रत्येक कॉलम ८.१ सेंमी यायला हवा.

कोणता ब्रेक कुठे आहे हे कळत नसेल तर व्ह्यू > ड्राफ्ट. तिथे कॉलम शेजारी-शेजारी दिसत नाहीत, पण प्रत्येक ब्रेक आडव्या दुहेरी ठिपक्यांच्या रेघेने नावासकट दिसतो. खालच्या स्टेटस बारवर राइट क्लिक करून 'सेक्शन' चालू केलं की कर्सर कितव्या सेक्शनमध्ये आहे तेही सतत दिसतं. एवढ्या लेखांच्या अंकात हे चालूच ठेवा.

शीर्षकाचा आकार: वर्ड देवनागरीला 'कॉम्प्लेक्स स्क्रिप्ट' समजतो आणि तिचा फाँट व आकार वेगळा ठेवतो. तुमचे २४ लॅटिनच्या खात्यात गेले. मॉडिफाय स्टाइल > फॉरमॅट > फाँट उघडा, तिथे लॅटिन टेक्स्ट आणि कॉम्प्लेक्स स्क्रिप्ट्स असे दोन भाग आहेत. खालच्या भागात फाँट, ठळकपणा आणि २४ द्या. त्याच स्टाइलमध्ये ओळींचं अंतर 'एक्झॅक्टली' ठेवू नका. आकार वाढला की रफार आणि वेलांट्या वरून कापल्या जातात. 'मल्टिपल' किंवा 'ॲट लीस्ट' ठेवा.

उपशीर्षकांसाठी त्यांच्या स्टाइलमध्ये फॉरमॅट > पॅरेग्राफ > लाइन अँड पेज ब्रेक्समध्ये 'कीप विथ नेक्स्ट'. हेडिंग २ वापरलं असेल तर ते आधीच चालू असतं. तरीही उपशीर्षक एकटं पडत असेल तर बहुतेक उपशीर्षक आणि मजकूर यांच्यात रिकामा एंटर मारलेला आहे. वर्ड उपशीर्षकाला त्या रिकाम्या ओळीशी बांधून ठेवतो आणि मजकूर सुटतो. ते एंटर काढा, अंतर 'स्पेसिंग आफ्टर'ने द्या.

खारेगाव_७

ताई, इतके ब्रेक सांभाळण्यापेक्षा शीर्षक टेक्स्ट बॉक्समध्ये का घेत नाही? रॅप टेक्स्ट > टॉप अँड बॉटम केलं की दोन्ही कॉलम बाजूला सरकतात. सेक्शन एकच राहतो.

डीटीपी_नौपाडा

दादा, पानाच्या अगदी माथ्यावर शीर्षक असेल तर दिसायला सारखंच दिसेल. पान अर्धं भरल्यावर नवा लेख सुरू झाला की फरक कळतो. टेक्स्ट बॉक्स असताना मजकुराचा प्रवाह तुटत नाही: डावा कॉलम बॉक्सवरून उडी मारून थेट तळापर्यंत जातो आणि मग उजव्याच्या माथ्यावर येतो. म्हणजे आधीच्या लेखाचा शेवट नव्या शीर्षकाच्या खाली जाऊन बसतो. सेक्शन ब्रेक मात्र वरचे दोन्ही कॉलम तिथेच संपवतो, दोन्हींची उंची सारखी करतो आणि शीर्षकाखाली नव्याने सुरुवात करतो. लेखाच्या शीर्षकाला हेच हवं.

लेखातलं एखादं ठळक वाक्य मध्येच दोन्ही कॉलमांवर आडवं घ्यायचं असेल तर उलट: तिथे टेक्स्ट बॉक्सच बरोबर, कारण वाचन तुटायला नको. शिवाय टेक्स्ट बॉक्समधली हेडिंग नेव्हिगेशन पेनमध्ये (बाजूला दिसणाऱ्या शीर्षकांच्या यादीत) दिसत नाहीत, आणि अंकाचं काम करताना त्या पेनशिवाय हाल होतात.

ऐरोली_लिब्रे

कुणी लिब्रेऑफिस रायटरमध्ये करत असेल तर: शीर्षक सोडून फक्त लेखाचा मजकूर सिलेक्ट करा, फॉरमॅट > कॉलम्समध्ये २ आणि 'अप्लाय टू'मध्ये सिलेक्शन. त्या मजकुराचा विभाग तयार होतो, शीर्षक बाहेर पूर्ण रुंदीत राहतं. दोन्ही कॉलम सारख्या उंचीचे हवे असतील तर 'इव्हनली डिस्ट्रिब्यूट कंटेंट्स टू ऑल कॉलम्स'वर टिक हवी.

पुढच्या वर्षी इनडिझाइन (पानं जुळवण्याचं अडोबीचं सॉफ्टवेअर) मिळालं तर तिथे ही सोय परिच्छेदातच आहे, स्पॅन कॉलम्स नावाने, २०१० च्या सीएस५ आवृत्तीपासून. स्टाइलमध्ये एकदा टाकलं की संपलं. देवनागरीसाठी वर्ल्ड-रेडी कंपोझर निवडायला मात्र विसरू नका, नाहीतर जोडाक्षरं आणि वेलांट्या विस्कटतात.

अंक_नेरूळ

शीर्षकं बसली, आकारही आला. एंटरचंच कारण होतं. आता दोन गोष्टी उरल्या. काही लेखांत शीर्षकाखाली डाव्या कॉलमची पहिली ओळ उजव्यापेक्षा थोडी खाली सुरू होते. आणि दोन मोठे लेख नव्या पानावर सुरू करायचे आहेत. तिथे नेक्स्ट पेज ब्रेक टाकला तर आधीच्या लेखाचा डावा कॉलम पूर्ण भरतो आणि उजवा अर्धाच राहतो.

डीटीपी_नौपाडा

पहिलं: ते लेख उपशीर्षकाने सुरू होत असणार. उपशीर्षकाच्या स्टाइलमध्ये 'स्पेसिंग बिफोर' आहे, ते डाव्या कॉलमच्या माथ्यावर लागतं. उजवा कॉलम साध्या मजकुराने सुरू होतो, त्याला काही नाही. लेखाच्या पहिल्या उपशीर्षकासाठी 'बिफोर' ० असलेली वेगळी स्टाइल करा आणि हवं ते अंतर लेखकाच्या नावाच्या 'आफ्टर'मध्ये टाका, समजा १२ पॉइंट. ते अंतर पूर्ण रुंदीच्या सेक्शनमध्ये असल्यामुळे दोन्ही कॉलम एकाच रेषेत सुरू होतील.

दुसरं: कॉलम समान करण्याचं काम कंटिन्यूअस ब्रेकच करतो, नेक्स्ट पेज करत नाही. तेव्हा ब्रेक कंटिन्यूअसच ठेवा आणि त्या दोन शीर्षकांना पॅरेग्राफ > लाइन अँड पेज ब्रेक्समध्ये 'पेज ब्रेक बिफोर' द्या. वरचा लेख समान कॉलमांत संपेल, शीर्षक नव्या पानावर जाईल.

पीडीएफ करण्यापूर्वी पानांचे आकडे शेवटपर्यंत तपासा. पहिल्या सेक्शनला 'स्टार्ट ॲट १' दिलेलं असेल तर तो तोडून झालेल्या नव्या सेक्शनांतही ते उतरतं आणि मध्येच पुन्हा १ येतो. फूटरमधल्या आकड्यावर राइट क्लिक, फॉरमॅट पेज नंबर्स, 'कंटिन्यू फ्रॉम प्रीव्हियस सेक्शन'. हे प्रत्येक सेक्शनमध्ये जाऊन करावं लागतं. 'डिफरंट फर्स्ट पेज'ची टिक मात्र कंट्रोल + ए करून पेज सेटअपच्या लेआउट टॅबमधून एकदम काढता येते. मुखपृष्ठाला आकडा नको असेल तर तिथे ती परत लावा.