मदत हवी आहे : सहावीच्या वर्गात अपूर्णांकांची बेरीज

मी बी.एड.च्या दुसऱ्या वर्षाला असून आंतरवासितेसाठी मुंबईतील महापालिकेच्या एका मराठी माध्यमाच्या शाळेत सहावीला गणित शिकवते. मुलांचा उत्साह खरोखर भारावून टाकणारा आहे. मात्र काही मुले १/२ + १/३ चे उत्तर २/५ असे लिहितात, म्हणजे अंशात अंश आणि छेदात छेद मिळवतात, तर काही जण समच्छेद करून तोंडीच ५/६ सांगतात. कागदाच्या पट्ट्यांना घड्या घालून पाहिल्यावर २/५ हे १/२ पेक्षाही लहान आहे हे पहिल्या गटाला पटले, पण वहीत पुन्हा तेच उत्तर आले. समच्छेद जमणाऱ्या, म्हणजे पुढे असलेल्या मुलांबरोबर त्यांच्या जोड्या लावल्या, तेव्हा उत्तरे नुसती उतरवली गेली.

तास ३५ मिनिटांचा आहे, शाळा दोन सत्रांत भरत असल्यामुळे सुटल्यावर वर्ग रिकामा मिळत नाही, आणि बऱ्याच मुलांच्या घरी हिंदी बोलली जात असल्याने शाब्दिक उदाहरणे सोप्या भाषेत द्यावी लागतात. पाठ टाचणात बदल करण्याची मोकळीक मार्गदर्शक शिक्षिकांनी दिली आहे. पट्टीवरून वहीतल्या समच्छेदाकडे नेणारी मधली कृती कोणती घ्यावी, आणि तेवढ्या वेळात पुढच्या गटाला कोणते काम द्यावे?