श्रीलंकेतून फौज परत आली, ती शेपूट घालून नव्हे

खंबाटकी

गेल्या आठवड्यात तोफखाना यांनी इथे लिहिलं की १९८७ मध्ये शांतिसेना म्हणून श्रीलंकेत गेलेलं आपलं सैन्य १९९० साली शेपूट घालून परत आलं. लिट्टे, म्हणजे वेगळ्या तमिळ देशासाठी लढणारी तिथली बंडखोर संघटना, संपत आली होती, व्ही. पी. सिंगांच्या सरकारनं कच खाल्ली, आणि 'रडक्या जनमता'पायी जवानांनी कमावलेलं मातीत गेलं, असा एकूण सूर. त्यावर धडाधड 'अगदी बरोबर' पडत गेले. मला ते सहन झालं नाही, म्हणून वेगळा धागा.

आधी तारखा. १ जून १९८९ ला श्रीलंकेचे राष्ट्राध्यक्ष प्रेमदासा यांनी जाहीर सांगितलं की २९ जुलैपर्यंत भारतीय सैन्यानं निघावं. ज्या देशाच्या सरकारशी करार करून आपण गेलो, तेच सरकार दार दाखवत होतं. पहिली तुकडी त्याच २९ जुलैला निघाली. सप्टेंबरमध्ये माघारीचा समझोता झाला, तेव्हा दिल्लीत राजीव गांधी पंतप्रधान होते. व्ही. पी. सिंग आले डिसेंबरात. त्यांनी फक्त आधी ठरलेलं पुरं केलं.

आता ते 'रडकं जनमत'. कुठं होतं ते? १९८९ ची निवडणूक मला नीट आठवते. भिंतीभिंतीवर बोफोर्स. आमच्या तालुक्यात श्रीलंकेवर कुणी एक सभा घेतली नाही. माझे वडील तेव्हा श्रीलंकेच्या पूर्वेला बट्टिकलोआत होते. एपीओच्या (लष्करी टपालाच्या) पत्त्याचं आंतर्देशीय पत्र उशिरा आलं की आई पोस्टमनच्या वाटेवर जाऊन उभी राहायची, आणि गावात लोक विचारायचे, "शांतिसेना म्हणजे तिथं लढाई नसेल ना?" ११०० हून अधिक जवान गेले, तीन हजारांच्या आसपास जखमी झाले, आणि लोकांना लढाई चालू आहे हेच धड माहीत नव्हतं. लोकांच्या दबावामुळे सैन्य परत आलं, हे म्हणणं त्या घरांवर अन्याय आहे. दबाव आला असता तर ते कितीतरी आधी परत आले असते.

तोफखाना

तारखा मलाही येतात. सप्टेंबरचा समझोता मान्य. पण कागदावरची मुदत ३१ डिसेंबरची होती आणि शेवटचं जहाज त्रिंकोमालीहून निघालं २४ मार्च १९९० ला. म्हणजे पुढे ढकलायला वाव होता. नव्या सरकारला हवं असतं तर आणखी ढकलता आलं असतं.

आणि लष्करी बाजू कुणी बोलतच नाही. १९८८ अखेर लिट्टे जाफना शहरातून वन्नीच्या जंगलात ढकलली गेली होती. उत्तर-पूर्व प्रांताची निवडणूक शांतिसेनेच्या बंदोबस्तात पार पडली, आपल्या बाजूचे वरदराज पेरुमाळ तिथं मुख्यमंत्री झाले. आपण निघालो आणि काय झालं? पेरुमाळना पळावं लागलं. जून १९९० मध्ये पूर्व भागात शरण आलेल्या शेकडो पोलिसांना लिट्टेनं गोळ्या घातल्या. २१ मे १९९१ ला श्रीपेरुंबुदूरला राजीव गांधींची हत्या. १९९३ मध्ये खुद्द प्रेमदासा. युद्ध संपलं २००९ मध्ये. एवढं सगळं टळलं असतं. तुमच्या वडिलांबद्दल आदरच आहे, पण भावनेनं इतिहास बदलत नाही.

माजी_हवालदार

मी होतो तिथं. टळलं असतं म्हणता, कसं? आम्ही जंगलात शोधत फिरायचो आणि कोलंबोचं सरकार त्यांना हत्यारं देत होतं. प्रेमदासांनी दिली, हे आता लपलेलं नाही. त्याआधी आपल्याच लोकांनी त्यांना ट्रेनिंग दिलेलं. रस्त्याखाली पुरलेला सुरुंग कुणाच्या पैशाचा, हे विचारायचं कुणाला?

जाफना विद्यापीठाची रात्र वाचा. १३ शीख लाइट इन्फन्ट्रीची प्लाटून हेलिकॉप्टरनं उतरवली, तीसजणांतला एक जिवंत राहिला. नकाशे जुने, खबर फुटलेली. जाफना हातात यायला १९८७ चा ऑक्टोबर संपत आला. वर बसलेल्यांना वाटलं होतं चार दिवसांचं काम.

आणखी एक वर्ष दिलं असतं तर आणखी एक वर्षाची माणसं गेली असती. बाकी मला कळत नाही.

एडिसनकर

अमेरिकेत राहून हाच वाद पाहिलाय, म्हणून थोडं. व्हिएतनाममध्ये सैन्य पाठवणं चूक होती का, हा प्रश्न गॅलप ही जनमत चाचणी घेणारी संस्था तिथल्या लोकांना वर्षानुवर्षं विचारत होती. १९६५ मध्ये 'चूक' म्हणणारे २४ टक्के, ऑगस्ट १९६८ मध्ये ५३ टक्के. आणि सैन्य बाहेर पडलं मार्च १९७३ मध्ये! १९६९ पासून पुढे २०,००० हून अधिक अमेरिकन सैनिक मेले, निम्म्याहून जास्त देश 'चूक झाली' म्हणत असताना. तेव्हा तोफखाना, जनमत सैन्याला ओढून परत आणतं हा समजच काढून टाका.

अफगाणिस्तानचं उलटं. बाहेर पडा, असं बहुतेक लोक म्हणत होते. १५ ऑगस्ट २०२१ ला काबूल पडलं, २६ तारखेला विमानतळाच्या गेटवर १३ अमेरिकन सैनिक मेले, आणि त्याच लोकांनी बायडेनवर राग काढला. माझ्या ऑफिसातला एकजण आदल्या महिन्यापर्यंत 'आता बास' म्हणत होता. विमानामागे धावणारी माणसं टीव्हीवर दिसली तसा 'ही लाज आहे' म्हणू लागला. लोकांना माघार हवी असते. माघार कशी दिसते, ते पाहायचं नसतं.

आणि एक मोठा फरक. व्हिएतनामला सक्तीची भरती होती. १९६९ च्या डिसेंबरात जन्मतारखांची सोडत काढली, तेव्हा प्राध्यापकाच्या घरातही धडकी भरली. अफगाणिस्तानला गेले ते स्वेच्छेनं भरती झालेले, ठराविक गावांतले. म्हणूनच ते २० वर्षं चाललं.

खंबाटकी

एडिसनकर, हेच मला म्हणायचं होतं, तुम्ही नेमकं बोट ठेवलंत. आपल्याकडे तर सक्तीची भरती कधीच नव्हती. साताऱ्याचं अपशिंगे मिलिटरी घ्या, पहिल्या महायुद्धात त्या एका गावचे ४६ जण गेले. कोल्हापूरकडचं सैनिक टाकळी घ्या. पिढ्यान् पिढ्या त्याच घरांतून मुलं जातात. श्रीलंकेतून मरणाच्या बातम्या आल्या त्या अशा गावांत. पेपरात आतल्या पानावर चार ओळी. दूरदर्शन सरकारी, दुसरं चॅनेल नाही. पुण्या-मुंबईत कुणाचा मुलगा गेला होता? मग तिथं मत तयार होणार कशावरून? आणि आज तिथूनच लेख येतात की आणखी लढायला हवं होतं.

तोफखाना

हे फार झालं. म्हणजे पुण्यात राहणाऱ्यानं परराष्ट्र धोरणावर बोलायचंच नाही? माझा कर जातो, माझं मत जातं. आणि शहरातलं कुणी गेलं नाही हे साफ खोटं. मेजर रामास्वामी परमेश्वरन मुंबईत जन्मले. ८ महार बटालियनचे. २५ नोव्हेंबर १९८७ ला छातीत गोळी लागलेली असताना समोरच्याची रायफल हिसकावून त्याला मारलं आणि शेवटपर्यंत हुकूम देत राहिले. शांतिसेनेच्या त्या मोहिमेतलं एकमेव परमवीरचक्र. शहर आणि खेडं अशी जवानांची वाटणी करू नका.

खंबाटकी

मेजर परमेश्वरन यांच्याबद्दल कुणाचं दुमत नाही. मी अधिकाऱ्यांबद्दल बोलत नव्हते, शिपायांबद्दल बोलत होते. त्याच ८ महारच्या शिपायांची घरं कुठली होती ते बघा. आणि मुंबईत किती जणांना परमेश्वरन हे नाव माहीत आहे, तेही विचारून बघा.

कोकणकडा

अवांतर आहे, पण खंबाटकीताईंना विचारतो. माझे दोन्ही मामा मराठा लाइट इन्फन्ट्रीत होते. आजीनं धाकट्याला पाठवलं ते शेती नव्हती म्हणून. ज्या घरात जमीन आहे, नोकरी आहे, ते मुलगा पाठवत नाहीत. शहर-खेडं असा हा प्रश्न नाही. प्रश्न पोटाचा आहे. 'लढाऊ परंपरा' म्हणून गौरव करायचा आणि त्या गावात दुसरा रोजगार आणायचा नाही, हे इतकी वर्षं चाललंय. यावर बोला.

माजी_हवालदार

मी पोटासाठी गेलो. खोटं कशाला बोलू. पण तिथं पोटासाठी लढलो नाही, शेजारच्या पोरासाठी लढलो.

आणि विषय निघालाच आहे तर सांगतो. पायात छर्रे आहेत अजून. अपंगत्वाच्या पेन्शनसाठी एका कार्यालयात गेलो, तिथला बाबू विचारतो, "श्रीलंकेत कुठलं युद्ध झालं? ती तर शांतिसेना होती." कागद परत. पुन्हा गेलो, पुन्हा परत. शेवटी मिळालं, पण किती वर्षांनी ते नाही सांगत. माघार बरोबर की चूक यावर इथं पानं भरताय, परत आलेल्यांचं पुढं काय झालं ते एकानं तरी विचारलं का?

तोफखाना

हवालदारसाहेब, विचारायला हवं होतं. तुमच्याशी माझा वाद नाही, कधीच नव्हता.

चेन्नईकर_मराठी

स्वागताचं मी सांगतो. १९८८ ला बँकेनं मद्रासला बदली केली, तेव्हा टी. नगरमध्ये राहत होतो. तुम्ही म्हणता जनमत नव्हतं, महाराष्ट्रात नसेल. तिथं होतं, आणि ते आपल्या सैन्याच्या विरोधात होतं. भिंतीवर लिट्टेचा नेता प्रभाकरनची पोस्टरं. घरमालक भला माणूस, त्याची बहीण जाफन्याला दिलेली. तो मला शांतपणे म्हणाला, "तुमची माणसं आमच्या माणसांना मारतायत." मार्च १९९० मध्ये शेवटची जहाजं मद्रासला लागली आणि मुख्यमंत्री करुणानिधी स्वागताला गेले नाहीत. उघडपणे सांगून गेले नाहीत. मी तेव्हा संतापलो होतो, आजही आहे.

पण हेच जनमत किती झपाट्यानं फिरलं तेही पाहिलंय. जून १९९० मध्ये मद्रासच्याच कोडंबाक्कममध्ये लिट्टेनं पेरुमाळ यांच्या पक्षाचे नेते पद्मनाभ आणि त्यांच्या साथीदारांना मारलं, तेव्हा कुजबुज सुरू झाली. राजीव गांधींच्या हत्येनंतर पोस्टरं गेली, आणि पोस्टर लावणारेही ओळख दाखवेनात. घरमालकानं मात्र बहिणीचं नाव घेणं सोडलं नाही.

वैनगंगा

घरमालक काय म्हणत होता ते या धाग्यावर कुणालाच ऐकायचं नाही असं दिसतं. २१ ऑक्टोबर १९८७ ला जाफन्याच्या रुग्णालयात डॉक्टर, परिचारिका, रुग्ण मारले गेले. सैन्याचं म्हणणं, आतून गोळीबार झाला. तिथले वाचलेले लोक वेगळं सांगतात. ऑगस्ट १९८९ मध्ये वल्वेट्टितुराईत शांतिसेनेच्या कारवाईत सामान्य माणसं मेली. जवानांचं दुःख खरं आहे, पण ज्यांच्या घरात ही फौज गेली त्यांचं जनमत मोजायचं की नाही? त्यांना ती नको होती. माझ्या मते माघार योग्य होती याचं पहिलं कारण हे आहे.

तोफखाना

आला विषय तिथंच. स्वतःच्या सैन्याला आरोपीच्या पिंजऱ्यात उभं केल्याशिवाय तुम्हा लोकांचा दिवस जात नाही. लिट्टे रुग्णालयाआडून, शाळेआडून लढत होती, मुलांच्या हाती बंदुका देत होती, गळ्यात सायनाइड बांधत होती. त्याबद्दल एक ओळ नाही.

वैनगंगा

'तुम्हा लोकांचा' म्हणजे कुणाचा? माझा भाऊ सीमा सुरक्षा दलात आहे. लिट्टेनं काय केलं ते जगाला माहीत आहे, त्यांची बाजू मी घेतलेली नाही. त्यांनी केलं म्हणून आपल्याला विचारू नका, हे मला मान्य नाही.

माजी_हवालदार

ताई, मी रुग्णालयाकडे नव्हतो, तिथलं मला माहीत नाही. एवढं सांगतो. रस्त्यात बाई दिसली तरी तिच्या टोपलीत काय आहे ही भीती असायची. भाषा येत नाही, कोण कोणाचा कळत नाही. असं महिनोन्महिने ठेवल्यावर माणूस बिघडतो. म्हणून म्हणतो, परत आणलं ते बरं केलं. तोफखानासाहेबांना राग आला तरी.

कट्ट्यावरचा

एवढ्या सगळ्यात एक राहिलं. शांतिसेनेचं स्मारक कोलंबोजवळ बट्टरमुल्लाला श्रीलंकेनं बांधलं, तिथं आपल्या जवानांची नावं कोरलेली आहेत. आपल्याकडे दिल्लीचं राष्ट्रीय युद्ध स्मारक झालं २०१९ मध्ये. ज्यांनी परत जा म्हटलं त्यांनी आधी नावं कोरली. हे लोकमताच्या कुठल्या खात्यात टाकायचं?

खंबाटकी

कोकणकडा, तुमचा मुद्दा बरोबर आहे, शहर-खेड्यापेक्षा तो जास्त खरा आहे. त्यावर स्वतंत्र धागा काढा, मी येते.

तोफखाना, तुम्हाला एकच विचारते. 'आणखी थोडे दिवस' याला शेवट कुठला? अमेरिका अफगाणिस्तानात २० वर्षं थांबली आणि ती पुरती निघण्याआधीच काबूल पडलं. लिट्टेला हरवायला स्वतःच्या भूमीवर लढणाऱ्या श्रीलंकेच्या सैन्याला २००९ उजाडलं. परक्या भूमीवर, यजमान सरकार शत्रूला शस्त्रं देत असताना, आपण ते १९९१ पर्यंत कसं करणार होतो? आणि आपल्या राज्यघटनेत परदेशी फौज पाठवायला संसदेची संमती लागतच नाही. जाण्याआधी खासदारांना हात वर करून मत द्यावं लागलं असतं, तर माझ्या आईला पोस्टमनच्या आधी खासदाराला विचारता आलं असतं.

तोफखाना

संसदेत मतदान व्हायला हवं, हे मान्य. या धाग्यात मान्य करण्यासारखं एवढंच सापडलं. पण त्याचा नियम दोन्ही बाजूंनी लागू करा. पाठवायला मतदान, तसंच परत आणायलाही मतदान. १९९० मध्ये ते झालं असतं तर सरकारला उभं राहून सांगावं लागलं असतं की मागे राहणाऱ्या पेरुमाळच्या माणसांचं काय होणार. त्यांना आपण हत्यारं दिली, भरती केलं आणि लिट्टेच्या तोंडी सोडून आलो. त्याला मी आजही शेपूट घालणंच म्हणतो.

खंबाटकी

परत आणायला मतदान, चालेल. पेरुमाळच्या माणसांबद्दल माझ्याकडे उत्तर नाही, तो डाग आहेच. पण तो डाग माघारीचा नाही, पाठवतानाच लागला होता. 'शेपूट' शब्द मागे घ्या एवढंच मागते. त्या जहाजांतून माझे वडील उतरले होते.

तोफखाना

शब्द सरकारसाठी होता, तुमच्या वडिलांसाठी नाही. लेखात तशी ओळ घालतो. शीर्षक तेच राहील.